बटाट्यांची सुट्टी

सप्टेंबरचा तिसरा आठवडा आला की माझी बोटं आधी गार पडतात. न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेत तेव्हा थंडी नसते. लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात, युनिव्हर्सिटीच्या बसेस भरभरून जात असतात, इंडियन स्टोअरच्या दारात कणसांचा ढीग असतो. पण एखाद्या सकाळी गाडीची काच खाली केली की हवेला कोरडा, मातकट वास येतो आणि स्टिअरिंगवरची बोटं आखडतात. "आई, द लाइट इज ग्रीन," सई मागून म्हणते. सिग्नल खरंच हिरवा झालेला असतो.

सई आता बारा वर्षांची आहे. आधी आम्ही राहायचो ते गाव तिला आता पुसटच आठवतं. लहानपणी आमच्या शाळेला बटाट्यांची सुट्टी असायची, एवढं ती मैत्रिणींना सांगते. त्यांचा विश्वास बसत नाही, मग ती मला साक्षीला बोलावते. मी म्हणते, हो, असायची. बटाटे काढायला तीन आठवडे शाळा बंद. त्यापुढचं मी आजवर सांगितलेलं नाही.

मेन राज्याच्या अगदी उत्तरेला एक नदी आहे. नदीच्या पलीकडे कॅनडा, अलीकडे अमेरिका, आणि दोन्ही काठांवर एकच माणसं: फ्रेंच बोलणारी, एकमेकांच्या नात्यातली, मधल्या पुलावरून पासपोर्ट दाखवून मावशीकडे जेवायला जाणारी. शिरीष, माझा नवरा, डॉक्टर. त्या काळी परदेशी डॉक्टरांना अमेरिकेत राहायचं तर जिथे डॉक्टर जायला तयार नसत अशा भागात तीन वर्षं काढावी लागत. त्याला तिथलं छोटं हॉस्पिटल मिळालं. न्यू जर्सीतले आमचे मित्र हळहळले. मी मात्र खूश होते. लग्नाआधी सहा वर्षं मी पुण्यात फ्रेंच शिकवलं होतं. बॅगेत मी व्याकरणाची पुस्तकं भरली. मला वाटलं, या देशात एक तरी गाव असं आहे जिथे मी परकी ठरणार नाही.

पहिल्याच दिवशी पोस्टात मी फ्रेंचमधून तिकिटं मागितली. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. किराणा दुकानात तेच, शाळेच्या ऑफिसात तेच. आपसात ती माणसं फ्रेंच बोलत, मी जवळ गेले की थांबत. त्यांना माझा राग नव्हता. मला ते कळायला वर्ष गेलं.

ते मला कळलं जेर्मेनमुळे. आमच्या भाड्याच्या घराला लागून तिचं शेत होतं. ती पंच्याहत्तरीची, बुटकी, कमरेला कायम एप्रन. तिचा नवरा लिओ तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, अजून स्वतः ट्रॅक्टर चालवणारा. मी तिला 'मादाम' म्हणाले तर म्हणाली, "मादाम बँकेतल्या बाईला म्हण. मी जेर्मेन." सई तिला मेमेर म्हणायची, म्हणजे आजी. तिच्याकडे सकाळी बिडाच्या तव्यावर प्लॉय व्हायचे. एका काळसर पिठाचे, एकाच बाजूने भाजलेले, वर जाळी पडलेली. पहिल्यांदा पाहिल्यावर सई म्हणाली, "आई, आंबोळी." जेर्मेनने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि सईच्या ताटलीत आणखी एक वाढला.

जेर्मेन माझ्याशी फ्रेंच बोलायची. गावात ती एकटीच. बोलण्याआधी मात्र दर वेळी म्हणायची, "तुझं फ्रेंच खरं. आमचं मोडकं." मी नाही नाही म्हणायचे, आणि मनात मला बरं वाटायचं. मग एकदा, वाटाणे सोलत बसलो असताना, ती 'मी जाते' या अर्थी 'झ व्हा' म्हणाली. मी सवयीने म्हणाले, "झ व्हे." वर्गात म्हणायचे तसंच, मान खाली, हात चालू. वाटाण्यांचा आवाज थांबला. जेर्मेनने टोपलं उचललं, आत गेली, बाहेर आली आणि इंग्रजीत म्हणाली, आज ऊन छान आहे. त्यानंतर कितीतरी आठवडे ती माझ्याशी इंग्रजीच बोलली. तितक्याच मायेनं, पण इंग्रजीच.

मी शिरीषला हे सांगितलं. तो पेशंटचे चार्ट लिहीत होता. वर न बघता म्हणाला, "तू सगळ्यांनाच करतेस ना करेक्ट." शिरीष अकोल्याचा. लग्न झालं तेव्हा तो 'मी येऊन राहिलो' म्हणायचा, आणि मी, माझ्या बहिणी, आम्ही हसायचो. प्रेमाने हसायचो. तो कधीपासून 'येतोय' म्हणायला लागला ते मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न केला, मग भाजी परतायला घेतली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माझे बाबा गेले.

फोन सकाळी आला. भाऊ म्हणाला, "वृंदा, बाबा गेले. हार्ट." मी म्हणाले, "बरं." अजूनही तो शब्द मला ऐकू येतो. बरं. आमच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. तिथे राहायला कागद पुरेसे होते, पण देशाबाहेर पडलं की मुंबईत नवा शिक्का मिळाल्याशिवाय परतीची वाट नव्हती. न्यूयॉर्कचे दोन टॉवर पडल्यापासून तो शिक्का कुणाला आठवड्यात मिळे, कुणाला सहा महिने मिळत नसे. शिरीष म्हणाला, "तू जा. बघू आपण काय होतं ते." सई सात वर्षांची होती. शिरीषला रजा नव्हती. त्याने मला अडवलं नाही. मीच म्हणाले, नाही जात.

त्या दिवशी मी पोळ्या केल्या. सईचा डबा भरला. कपडे घड्या करून ठेवले. रडू येईल म्हणून एकटी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले, नळ सोडला, थोड्या वेळाने नळ बंद करून बाहेर आले. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसे ते आठवडे होते. आईला रोज फोन करायचे. जेवलीस का, झोपलीस का, इन्शुरन्सचे कागद मिळाले का. बाबांबद्दल मी काही विचारलं नाही. तीही बोलली नाही.

मग सप्टेंबर आला आणि शाळा बंद झाली.

जेर्मेन एका सकाळी दारात उभी राहिली. हातात हातमोज्यांचे दोन जोड, एक पातळ, एक जाड. बाबांचं तिला कळलं होतं. शोकाचं एक कार्ड आणि ॲपल पाय ती आधीच देऊन गेली होती. इंग्रजीत म्हणाली, "घरात बसून काय करणार? सईला माझ्या भाचीपाशी ठेव, ती स्वयंपाक करतेय. तू वर ये." मी म्हणाले, मला या व्हिसावर काम करता येत नाही. ती म्हणाली, "काम कोण म्हणतंय? शेजारीण आहेस. माझ्या बाजूला उभी राहा."

वर म्हणजे बटाटे काढायच्या यंत्रावर. ट्रॅक्टरमागे ते अजस्र धूड हळूहळू सरकतं, जमीन उपसतं, आणि माती, दगड, वेली, बटाटे सगळं एका हलत्या पट्ट्यावर चढवतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या. आमचं काम एवढंच, की जे बटाटा नाही ते उचलून बाहेर फेकायचं. दगड, ढेकूळ, कुजका बटाटा. कुजक्या बटाट्यात बोट गेलं की जो वास येतो तो दोन मोज्यांतून आत शिरतो. धूळ दातांत जायची. सकाळी जमिनीवर गोठलेलं दव असायचं. गार बटाटा लगेच दुखावतो, म्हणून ऊन वर येईपर्यंत सगळे ट्रकच्या आडोशाला थांबायचे, कॉफी प्यायचे, आणि यंत्राच्या आवाजाशिवाय ती माणसं आपसात काय बोलतात ते मला ऐकू यायचं. त्यांचं फ्रेंच मला निम्मंच कळे. जुने, गोल शब्द होते. काही मी फक्त तीनशे वर्षांपूर्वीच्या उताऱ्यांत वाचले होते. मी मान खाली घालून ऐकत राहायचे. तोंड उघडायचे नाही.

मला ते काम मानवलं. पट्टा थांबत नाही, त्यामुळे विचाराला जागा राहत नाही. दगड, बटाटा, बटाटा, ढेकूळ. संध्याकाळी डोळे मिटले तरी पट्टा सरकत असायचा. शिरीष म्हणायचा, "यू आर शेकिंग, यार. नको जाऊस उद्या." मी जायचे.

इथे, पिस्कॅटवेत, रविवारी आमची मराठी शाळा भरते. मी पहिलीच्या मुलांना घेते. परवा एक मुलगी बाकावर उभी राहून म्हणाली, "माझा आईने माझ्यासाठी पोहे केली." शेजारच्या वर्गातल्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो? मग तू किती खाल्लेस?" ती सांगत सुटली. पोह्यांवरून आजीवर गेली, आजीवरून विमानावर. तिला कधी सांगायचं ते मला नीट ठरवता येत नाही. सांगायला तर हवं. पण त्या रविवारी नाही.

दहाव्या दिवशी दुपारच्या जेवणाला यंत्र थांबलं. लिओ ट्रकच्या पायरीवर बसला होता. त्याच्या हातातून थर्मासचं झाकण पडलं. ते उचलायला तो वाकला नाही, त्याकडे नुसता बघत राहिला. जेर्मेनने हाक मारली. त्याने काहीतरी उत्तर दिलं, पण तोंड एका बाजूला गेलं होतं. बायकांपैकी एकीने लगेच ॲम्ब्युलन्सला फोन केला. जेर्मेन त्याच्या शेजारी बसून त्याचा हात चोळत राहिली.

तो वाचला. उजवा हात गेला, आणि इंग्रजी गेलं. शिरीषने मला समजावून सांगितलं की असं होतं कधी कधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पहिली राहते. नर्सेस बहुतेक गावातल्याच होत्या, त्या लिओशी फ्रेंच बोलत, पण त्यांना बाकी खोल्याही होत्या. लिओचा मुलगा रॉन कनेटिकटहून गाडी चालवत आला. पन्नाशीचा, थकलेला, चांगला माणूस. त्याला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. आणि जेर्मेनला शेत सोडता येत नव्हतं. निम्मे बटाटे जमिनीत होते. एका रात्रीत जमीन गोठली तर वर्ष गेलं असतं.

ती माझ्याकडे आली. या वेळी दारात उभी राहून ती फ्रेंचमध्ये बोलली, वाटाण्यांच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "दिवसा तू त्याच्यापाशी बस. रॉनला काही कळत नाही. तुझं बोलणं लिओला कळेल."

"मला त्यांचं सगळं नाही कळत," मी म्हणाले.

"मग परत विचार," जेर्मेन म्हणाली. "झ व्हा शेतावर." तिने तो शब्द तसाच म्हटला, माझ्याकडे बघत. मी मान हलवली.

हॉस्पिटलच्या खिडकीतून नदी दिसायची. रॉन खुर्चीत बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. बाप-मुलगा दोघं एकमेकांकडे बघत होते आणि बोलत नव्हते. मी स्टूल ओढून बसले. लिओने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्षभर तो मला रोज बघत आला होता, तरी ओळख लागली नसावी. मग त्याने विचारलं, "ते ला फीय आ की, त्वे?"

तू कुणाची मुलगी?

पुस्तकात 'त्वे' नाही, 'त्वा' असतं. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. हा प्रश्न मला ओळखीचा होता. आजोळी गेलं की पारावरची म्हातारी माणसं असंच विचारत, कुणाची गं तू? तिथे नाव विचारत नाहीत, बाप विचारतात. या नदीकाठीही तसंच. जेर्मेनची ओळख जेर्मेन, विलीची, ज्योची, अशी तीन पिढ्यांनी सांगत.

मी म्हणाले, "मनोहरची."

बाबांचं नाव असं एकेरी मी आयुष्यात घेतलं नव्हतं. ते गेल्यापासून तर कुठल्याच रीतीने घेतलं नव्हतं. लिओने ते पुटपुटून पाहिलं. मा-नो-आर. कपाळाला आठ्या घालून आठवलं. "नाही ओळखत," तो म्हणाला. "नदीच्या वरच्या अंगाचा की खालच्या?"

"खालच्या," मी म्हणाले.

त्याचं समाधान झालं. त्याने डोळे मिटले. रॉनने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तो थोडासा हसला. "सगळ्यांना विचारतात. माझ्या बायकोलाही विचारलं होतं, लग्नात. ती न्यू हेवनची इटालियन."

पुढचे पाच दिवस मी तिथे बसले. पाणी हवं, उशी उंच कर, दक्षिणेकडचा तुकडा झाला का, ट्रकचं चाक बघा. एवढंच इकडचं तिकडे करायचे. लिओ बोलताना अडखळायचा, मी तीन-तीनदा विचारायचे. सहा वर्षं शिकवलेली बाई, पण मला साधा 'आता' या अर्थाचा शब्दही त्याला पुन्हा सांगावा लागला. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. सांगायचा.

पाचव्या दिवशी रॉन म्हणाला, "एक विचारशील? आम्हा भावंडांना त्यांनी फ्रेंच का नाही शिकवलं? घरात दोघं बोलायचे, आम्ही खोलीत आलो की थांबायचे. मला वाटायचं आमच्याबद्दल काहीतरी लपवतात."

मी विचारलं. लिओने मान खिडकीकडे वळवली. मग तो बोलायला लागला. मध्ये थांबत, शब्द शोधत. मी एकेक वाक्य ऐकायचे, नीट कळलं का ते विचारायचे, आणि मग इंग्रजीत सांगायचे.

तो सहा वर्षांचा होता. शाळेत फ्रेंच बोलायची मनाई होती. बाहेर जायचंय, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते त्याला येत नव्हतं. फ्रेंचमध्ये म्हटलं तर 'मी फ्रेंच बोलणार नाही' असं फळ्यावर शंभर वेळा लिहायला लागायचं. तो बाकावर बसून राहिला. चड्डी ओली झाली, बाकाखाली ओघळ गेला, आणि बाईंनी सगळ्या वर्गाला तो ओघळ दाखवला.

"त्याला सांग," लिओ मला म्हणाला, "माझी पोरं कोरडी राहावीत म्हणून."

मी सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. औषधाची वेळ सांगावी तसा. रॉनने टोपी गुडघ्यावरून उचलली, पुन्हा ठेवली. मग त्याने मला विचारलं, "मी इथे आहे, हे त्यांच्यात कसं म्हणायचं?"

तोंडाशी आलं होतं ते पुस्तकातलं: झ स्वी ला. पण मी ते म्हणाले नाही. जेर्मेन म्हणते तसं सांगितलं. "शू ला. शू ला, पपा."

रॉनने ते म्हटलं. त्याला 'श' नीट जमला नाही. लिओने त्याच्याकडे पाहिलं, डावा हात पांघरुणावरून थोडा पुढे सरकवला, आणि म्हणाला, "बें वी." म्हणजे, हो, हो, ते दिसतंच आहे.

बटाटे वेळेत निघाले. शेवटचा ट्रक गेला त्या दिवशी जेर्मेनने शेताच्या कडेला सगळ्यांना प्लॉय आणि चिकनचा रस्सा वाढला. मला नुसते लोणी लावलेले प्लॉय. शेजारच्या बायका मला काही विचारत होत्या, फ्रेंचमध्ये, आणि मी उत्तरं देत होते. बरीच चुकीची असतील, कारण त्या हसल्या. लिओ पुढे दोन वर्षं जगला, फ्रेंचमध्येच. रॉन दर रविवारी फोन करायचा. काय बोलायचे ठाऊक नाही, पण फोन लांबायचा. आम्ही तीन वर्षं भरल्यावर इकडे आलो. ते गाव मला आपलं वाटलं का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. त्या तीन आठवड्यांत मला काहीच फारसं वाटत नव्हतं. एवढं खरं, की तिथे मी कुणाची ते माहीत होतं.

शाळा उघडली त्या सकाळी सईला बसमध्ये बसवून मी घरी आले. हातमोजे धुऊन दोरीवर टाकले होते, अजून ओले होते. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले असतील, आईची चहाची वेळ. मी स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून फोन लावला.

"जेवलीस का?" आई म्हणाली.

"आई," मी म्हणाले, "त्या दिवशी बाबा काय करत होते?"

तिकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"काही नाही गं. पंख्याचं रेग्युलेटर दुरुस्त करत होते. मी म्हटलं, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तर म्हणाले, एवढ्याशा कामाला कशाला. मग चहा मागितला. मी आत गेले, आलं किसलं..." ती थांबली. "तू विचारलं नाहीस, म्हणून मीही बोलले नाही."

"सांग," मी म्हणाले. "आलं किसलं. मग?"

ती सांगत गेली. आल्याचं, गाळण्याचं, शेजारच्या काकू धावत आल्या त्याचं. कुठला शर्ट घातला होता ते. मध्येच फोन कार्डावरचा बाईचा आवाज आला, एकच मिनिट उरलंय. आई बोलतच होती. शर्टाच्या खिशात स्क्रू निघाले दोन, ती म्हणत होती, ते मी अजून, आणि लाइन तुटली.

मी उठले. ड्रॉवरमधून दुसरं कार्ड काढलं, चमच्याने त्याची रुपेरी पट्टी खरवडली, खालचा नंबर वाचून घेतला आणि पुन्हा फोन लावला.